भाडेकरार घरी येऊन करून देणारे, जुळे सोलापूर : चार स्टार, आणि डिपॉझिट परत आलं त्याची हकिगत

रिव्ह्यू लांब आहे, आधीच सांगतो. ज्यांना नुसता रेट पाहिजे त्यांच्यासाठी: घरी येऊन करार करतात, अंगठा आणि फोटो तिथंच, माझ्याकडनं २,८०० घेतले, तिसऱ्या दिवशी रजिस्टर झालेली कॉपी मोबाइलवर आली. झालं, तुम्ही जाऊ शकता. बाकीच्यांनी बसा, कारण खरा रिव्ह्यू करार झाला त्या दिवसाचा नाहीये, बावीस महिन्यांनी घर सोडलं त्या दिवसाचा आहे.

मी बार्शीचा, नोकरी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्याच्या ऑफिसात. लग्न झाल्यावर विजापूर रोडच्या आतल्या बाजूला वन बीएचके घेतला, भाडं ८,५०० आणि डिपॉझिट ३०,०००. घरमालक काका म्हणजे सगळं आयुष्य यंत्रमागावर काढलेला माणूस, घरात तेलुगू, आमच्याशी मराठी, माणूस वाईट नाही हे आधीच सांगतो म्हणजे पुढचं वाचून कुणी त्यांना शिव्या घालू नका. त्यांचं म्हणणं होतं करार कशाला, शंभराच्या स्टॅम्पवर लिहून नोटरी करू, अकरा महिन्याचाच तर आहे, अकरा महिन्याला रजिस्टर लागत नाही. हे वाक्य सोलापुरात तुम्हाला रिक्षावाल्यापासून वकिलाच्या कारकुनापर्यंत सगळे सांगतील. आणि चूक आहे. म्हणजे रजिस्ट्रेशनच्या १९०८ च्या कायद्यात वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या लीजला नोंदणी सक्तीची आहे, त्यावरनं हे अकरा महिन्याचं खूळ निघालं, पण आपल्या महाराष्ट्राचा भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा आहे आणि त्याच्या कलम ५५ मध्ये लेखी करार आणि नोंदणी दोन्ही सक्तीचं आहे, मुदत कितीही असू दे. आणि जबाबदारी मालकाची. नाही केली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. वर आणि करार रजिस्टर नसेल तर कुठल्या अटींवर घर दिलं होतं याबद्दल भाडेकरू म्हणेल ते खरं धरतात, मालकाला खोटं ठरवायचं असेल तर त्यानं सिद्ध करायचं.

हे सगळं मला या एजंटनंच सांगितलं, आमच्या हॉलमध्ये बसून, चहा पीत. सोलापुरात सगळ्यांनाच मालक म्हणायची पद्धत, त्यामुळं तो घरमालक काकांनाही "मालक" म्हणायचा आणि मलाही "मालक", आणि पाच मिनिटांत कोण कुणाला काय देणं लागतो हेच कळेना. पण काकांना "मालक, कैद तुम्हाला होईल, यांना नाही" असं म्हणाला तेव्हा बरोबर कळलं कुठला मालक. काका लगेच तयार.

आता पहिला स्टार कशाला ते सांगतो. काकांनी डिपॉझिटचे १०,००० करारात दाखवू आणि २०,००० हातात द्या असं सुचवलं होतं, "नात्यासारखंच आहे की ओ". मी नवीन, मान हलवली होती. एजंटनं पेन खाली ठेवलं. म्हणाला, करारात जेवढं लिहिलं तेवढंच उद्या परत मागता येतं. आणि वाचतंय किती, हिशोब मांडून दाखवला. लीव्ह अँड लायसन्सला (ठरलेल्या मुदतीपुरतं घर वापरायला द्यायचा करार, आमचा तोच) स्टॅम्प ड्युटी ०.२५ टक्के, कशावर तर मुदतीच्या एकूण भाड्यावर अधिक परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्क्यानं जे व्याज निघतं त्यावर. म्हणजे आमचं अकरा महिन्याचं भाडं ९३,५००, तीस हजारावरचं व्याज २,७५०, बेरीज ९६,२५०, त्याचे ०.२५ टक्के म्हणजे साधारण २४० रुपये. नोंदणी फी शहरात १,००० आणि वर किरकोळ ऑनलाइन चार्ज. आणि वीस हजार लपवले तर स्टॅम्पमध्ये वाचतात किती? साडेचार रुपये. साडेचार रुपयांसाठी वीस हजार हवेत सोडायचे. काका पण हसले. मी पूर्ण तीस हजार खात्यातनं ट्रान्सफर केले आणि त्याचा नंबर करारात आला.

अंगठ्याचा कार्यक्रम मात्र तासभर चालला. काकांच्या बोटावर रेषाच राहिल्या नव्हत्या, सूत धरून धरून घासलेली बोटं, मशीन काय घेईना. ओल्या फडक्यानं पुसा, डोक्याच्या तेलाला बोट लावून बघा, दुसरं बोट, तिसरं बोट, शेवटी डाव्या हाताची करंगळीशेजारची लागली. हा एजंटचा दोष नाही, पण दुपारी एकची वेळ देऊन चारला आला तो दोष त्याचा. मे महिना, लाइट गेलेली, आम्ही दोन्ही मालक घामानं निथळत बसलेलो.

दुसरा आणि तिसरा स्टार एकाच गोष्टीला, यादीला. ऑनलाइन करारात पंखे ३, ट्यूब ४, गिझर १ असं येतं, नगाचं. पण पंखा नीट चालतो का नुसता आवाज करत घुमतो ते त्यात कुठं? हा माणूस करार झाल्यावर एक वेगळा फुलस्केप काढतो आणि घरभर फिरतो. मला वाटलं होतं भाव खातोय. प्रत्येक खोलीत जाऊन बोलायचा आणि लिहायचा: "हॉल, पश्चिमेची भिंत, खालून दोन फूट ओल, रंग पोपडा." "किचन खिडकी, जाळी कोपऱ्यात फाटलेली." "बाथरूम नळ दोन, क्षार चढलेला, एक ठिबकतो." "बेसिन, पुढच्या कडेला टवका." "बेडरूम पंखा, तीनवर घुमतो." काकांना राग येत होता, तोंडावर दिसत होतं, माझ्या घराचे दोष काढालाय म्हणून. त्यावर त्यानं "मालक, हे तुमच्यासाठी पण आहे, उद्या यांनी नळच काढून नेला तर?" असं म्हणून दोघांच्या सह्या घेतल्या, खाली तारीख, आणि बोअरचं पाणी वापरात आहे असं पण एक वाक्य. वर मला सांगितलं की व्हिडिओ काढा, सलग, मध्ये न थांबवता, नळ सोडून पाणी दाखवून, आणि लगेच काकांच्या व्हॉट्सॲपवर टाका म्हणजे तारीख राहते. काढला. सात मिनिटांचा आहे. माझ्या बायकोच्या मते आमच्या लग्नाच्या व्हिडिओपेक्षा चांगला आलाय.

अजून एक, चौथा स्टार याला, मसुद्यात एक ओळ होती की घर सोडताना रंगासाठी एक महिन्याचं भाडं कापलं जाईल. कॉपी पेस्ट करून येते ही ओळ, बऱ्याच करारात असते आणि कोण वाचत नाही. त्यानं स्वतःहून बोट ठेवून विचारलं, ही ठेवायची का? सही केली असती तर नंतर रंगावर भांडायला तोंडच राहिलं नसतं. काका काढू म्हणाले, काढली. त्याच्या जागी "नैसर्गिक झीज सोडून घर आहे त्या स्थितीत परत देणे" असं राहिलं.

बावीस महिने राहिलो, मध्ये एकदा रिन्यू, जुनीच यादी कायम असं लिहून. पाणी चार-पाच दिवसाआड, त्यामुळं घरात एक मोठं पत्र्याचं बॅरल, दोन प्लॅस्टिकची, कळश्या वेगळ्या. सोलापूरकरांना सांगायला नको. बाहेरच्यांनी एवढंच समजा की इथं फ्लॅट बघताना बेडरूमपेक्षा बॅरल कुठं बसेल ते आधी बघतात.

घर सोडायच्या वेळी मी एक शहाणपणा करणार होतो, सगळे करतात तो, की शेवटचे तीन महिने भाडंच द्यायचं नाही, डिपॉझिटमधनं वळतं करा म्हणायचं. म्हणजे कटकटच नाही. एजंटला फोन केला (चौथ्यांदा उचलला) तर म्हणाला अजिबात नको. भाडं थकवलं की करार तुम्ही मोडला, मग मालकाकडं बोलायला मुद्दा तयार. शेवटच्या महिन्यापर्यंत भाडं खात्यातनं भरा, नोटीस लेखी द्या, आणि तारखेच्या पुढं एक दिवस राहू नका, कारण मुदत संपल्यावर लायसन्सवाला घर धरून बसला तर कलम २४ खाली दुप्पट दरानं भरपाई लागते. ऐकलं त्याचं.

आणि मग ती वही आली. काकांनी शाळेच्या वहीच्या पानावर लिहून आणलेलं: रंग १२,०००, नळ दोन १,८००, बेसिन २,२००, फरशीचे डाग १,५००, जाळी ९००, पंखे १,१००. एकूण १९,५००. परत १०,५००. मी म्हटलं काका हे काय. "काय म्हणालाव तुम्ही, घराची दशा बघा की. मुलीच्या बाळंतपणाला पैसे लागालेत मला." हे शेवटचं खरं होतं, आणि मला वाटतं सगळ्या भांडणाचं मूळ पण तेच. डिपॉझिट म्हणजे ठेव, ती बाजूला ठेवायची असते, पण कोण ठेवतंय, ते केव्हाच खर्च झालेलं असतं. मग परत द्यायची वेळ आली की भिंतीवरचे खिळे मोजायला सुरुवात.

दोन दिवस मी व्हॉट्सॲपवरचे फॉरवर्ड वाचले. एक जण म्हणतो कायद्यानं दोन महिन्यांच्या वर डिपॉझिट घेताच येत नाही, तीस हजार हेच बेकायदा. दाखवला एजंटला, तो म्हणाला हे मॉडेल टेनन्सी ॲक्टचं आहे, २०२१ साली केंद्रानं मंजूर केलेला नमुना. त्यात घराला दोन महिने, दुकान-ऑफिसला सहा महिने अशी मर्यादा आहे खरी, आणि ताबा घेतानाच देणी कापून बाकी परत द्यायचं असंही आहे, पण नमुना म्हणजे राज्यानं तसा कायदा केला तर. आपल्याकडं १९९९ चाच चालतो आणि त्यात डिपॉझिटला वरची मर्यादाही नाही न् परत द्यायला ठरलेले दिवसही नाहीत. मग काय आहे? तर करार. लायसन्सच्या घराबाबत लेखी करारात जे आहे तो निर्णायक पुरावा धरायचा असं कलम २४ च्याच खुलाशात आहे. एवढं ऐकल्यावर मला तो फुलस्केप आठवला. कुठं ठेवलाय तेच आठवेना. तासभर शोधला, गॅसच्या पुस्तकात सापडला.

ताबा द्यायच्या दिवशी एजंट आला, त्याचे पाचशे रुपये वेगळे घेतले. सुरुवातीला जरा काकांकडं झुकत होता, खोटं कशाला बोलू, काकांचे अजून दोन फ्लॅट आहेत आणि त्यांचे करार त्याच्याकडंच असतात, मी काय एकदाचा गिऱ्हाईक. "मालक, थोडं तुम्ही सोडा थोडं ते सोडतील, अर्ध्यावर या." अर्ध्यावर म्हणजे पावणेदहा हजार! मी म्हटलं यादी तुमच्याच अक्षरात आहे, वाचा. मग त्याला वाचावीच लागली.

खरं सांगतो, आपण लिहिलेलं आपल्यालाच वाचायला लागलं की माणूस सरळ होतो. जाळी: यादीत फाटलेली, शून्य. नळ: यादीत क्षार, ठिबक, आणि बोअरचं पाणी, वापरानं झालेली झीज, शून्य. पंखे: एक तर आधीच घुमत होता, दुसऱ्याचं रिवाइंडिंग (मोटरची तार परत गुंडाळणं) कधी ना कधी लागतंच, वापरलेला पंखा वापरल्यासारखाच दिसणार, शून्य. रंगावर मोठं झालं. काका म्हणाले नवीन भाडेकरूला रंग मारून द्यावा लागतो. एजंट म्हणाला तो खर्च नवीन भाडेकरू आणण्याचा, जुन्याचा नाही. रंग आधीच पोपडा होता आणि ओल म्हणजे बाहेरच्या भिंतीचा दोष, घर दुरुस्त ठेवायचं काम त्याच १९९९ च्या कायद्यात कलम १४ खाली मालकाचं आहे. पण मी टीव्हीच्या ब्रॅकेटला ड्रिल मारलं होतं आणि मोजून अकरा खिळे. ते झीज नाही, ते मी केलेलं. भोकांत लांबी (पुट्टी) भरून पॅच मारायचे १,००० ठरले, आणि मला ते पटले.

फरशीचे डाग पण माझेच. पत्र्याचं बॅरल दोन वर्षं एका जागी, खाली गंजाचं गोल कडं, पांढऱ्या फरशीवर तांबडं. पाणी साठवावं लागतं हे शहराचं दुखणं, पण खाली लाकडी पाट ठेवला असता तर कडं उमटलं नसतं, ते काकांनी सांगितलंही होतं पहिल्याच महिन्यात. घासून घ्यायचे ८००. बेसिनचं अवघड झालं, टवका आधीचा पण तडा आमचा, भरलेली कळशी सुटली हातातनं. काका नव्याचे पूर्ण २,२०० मागत होते. इथं एजंटनं चांगलं बोलून दाखवलं, की जुन्या टवका गेलेल्या बेसिनचे नव्या बेसिनएवढे पैसे घेता येत नाहीत, कराराचा १८७२ चा कायदा पण नुकसान झालं तेवढीच भरपाई म्हणतो, नवं करून द्या म्हणत नाही. १,६०० वर मिटलं. मला तरी जास्त वाटले, पण बसवायची मजुरी धरून सोडून दिलं.

एकूण ३,४०० कापले, २६,६०० परत. अर्धे त्याच दिवशी, अर्धे पंधरा दिवसांनी, लिहून. चावी दिल्याची पोच पण घेतली, मीटर रीडिंगचा फोटो काढला, लाइट बिल भरल्याची पावती काकांना दिली. काकूंनी शेंगापोळी बांधून दिली जाताना. असंय सोलापूर, हजारावर भांडतील आणि उपाशी पाठवणार नाहीत.

नसतं मिटलं तर काय, हे पण विचारून ठेवलं होतं. लेखी नोटीस, मग दिवाणी दावा, पैसे वसुलीला साधारण तीन वर्षांची मुदत. पण वीस हजारासाठी तारखा घालत बसायचं म्हणजे कारखान्यात रजा किती टाकणार. त्यापेक्षा जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात दावा दाखल करायच्या आधीच अर्ज देता येतो, लोकअदालतीत दोघांना बोलावतात, फी नाही, आणि तिथं तडजोड झाली की ती कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखीच, वर अपील नाही. बायकांना तर उत्पन्न किती का असेना, वकील मोफत मिळतो. मी काकांना फक्त एवढंच म्हटलं होतं की नाहीतर आपण दोघं तिथं जाऊन बसू, चांगली माणसं असतात. धमकी नव्हती, पण वहीचं पान त्यांनी त्यानंतरच मिटलं.

आमच्या ऑफिसातल्या एका पोराची उलट गोष्ट. करार नोटरीवाला, यादी नाही, डिपॉझिट रोख, पावती नाही. भांडण झाल्यावर त्याच्या मालकानं पाण्याच्या मोटारीचं बटणच काढून टाकलं. पाणी-लाइट तोडणं हा कलम २९ खाली गुन्हा आहे आणि मालकानं घेतलेल्या पैशाची पावती द्यायचीच असं कलम ३१ मध्ये आहे, हे मी त्याला सांगितलं, तो म्हणाला भाऊ आता सांगून काय उपयोग, मी सामान हलवलं. चाळीस हजार गेले त्याचे.

तर पाचवा स्टार का नाही. एक म्हणजे वेळ, तीन तास उशीर हा त्याचा नियमच दिसतो. दोन म्हणजे भाडेकरूची माहिती पोलिसांना द्यायचे त्यानं काकांकडनं वेगळे ३०० घेतले, ते ऑनलाइन स्वतः भरता येतं. तीन म्हणजे ते अर्ध्यावर या, ते मी विसरणार नाही. आणि चार, ही सगळ्यात भारी: कलम ३१, पावती, लेखी, असं दोन तास लेक्चर देणाऱ्या या माणसानं मला त्याच्या २,८०० ची पावती आजपर्यंत दिलेली नाही. मागितली तर म्हणतो, "मालक, व्हॉट्सॲपला थँक्यू पाठवलंय की, तीच पावती."

तरी नवीन घराचा करार मागच्या आठवड्यात त्याच्याकडनंच केला, होटगी रोडला. यावेळी यादी लिहिताना मी बॅटरी घेऊन त्याच्या पुढं होतो, बेसिनच्या कडेवरनं बोट फिरवून बघितलं, बॅरलखाली पाट आधी आणला मग बॅरल. फोन करायचा असेल तर संध्याकाळी सातनंतर करा. दुपारी उचलत नाही, आणि उन्हाळ्यात सोलापुरात दुपारी कोण उचलतंय.